वाटी पडली, पाटी नाय

यमू, माझ्यावर गाणं रचलंस ते चालेल, पण माझा घडा सुनेला द्यायला तू कोण?

ग्रुपवरच्या बायांनो, रामराम. आज नातीच्या हळदीत माझ्या हातून वाटी सांडली. लगेच माझी नणंद यमू गायला लागली, "आजी आमची धडपडी, हळद तिची लोळली!"

मी पण हसले. खरं हाय ते, मी सपाट अंगणातही अडखळते.

पण नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून आजीनेच आणायचं असतं. यमू म्हणते, "वयनी, घडा सुनेला दे, तू फोडशील."

मी गाणं पुढे ओढलं, "वाटी पडली हातातून, पाटी नाय डोक्यावरून!" जन्मभर बोईसरच्या बाजारात मासळीची पाटी वाहिली मी. भरला घडा डोक्यावर घेतला, दोन्ही हात सोडले, मांडवात आणला. थेंब सांडला नाय.

यमूनेच उत्तर द्यावं, तेही गाऊन. बाकीच्यांनी अंगठे पाठवू नका.