डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे, आणि मग मनोरी

मुंबईजवळच्या मनोरीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी मार्व्याहून बोटीने जावं, हे आधीच सांगून टाकते. पाच-दहा मिनिटांत खाडी ओलांडता येते. आम्ही मात्र अंधेरीहून दहिसर, भाईंदर, उत्तन, गोराई असा भलामोठा वळसा घालून गेलो, कारण गाडीला तोच एक रस्ता होता आणि गाडी नेल्याशिवाय त्या जाण्याला काही अर्थ नव्हता. गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. तेव्हा मी मुलुंडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांचे आराखडे काढायची नोकरी करत होते.

गाडी दादांची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते एका परदेशी जहाज कंपनीच्या ऑफिसात होते. त्यांचा गोरा साहेब मायदेशी परत जाताना आपली गाडी त्यांना जवळजवळ फुकटात देऊन गेला. गडद हिरवी, बुटकी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार. सीट दोनच, आणि स्टिअरिंग डावीकडे. आमच्या गल्लीत ती शिरली की कॅरम सोडून माणसं बाहेर यायची.

आपल्या रस्त्यांवर डावीकडून गाडी चालवायची म्हणजे पुढच्या ट्रकपलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. ते बघायचं काम आईचं. ती उजवीकडे बसायची, मान बाहेर काढायची, आणि रस्ता मोकळा दिसला की म्हणायची, "जा." मग दादा ओव्हरटेक करायचे. दोघं अशीच मनोरीला जायची, वर्षातून तीन-चारदा. मला नेणं शक्यच नव्हतं. मी आत्याजवळ. लहानपणी मला वाटायचं की मनोरी म्हणजे जगातली सगळ्यात सुंदर जागा असणार, कारण तिथून येताना दोघंही हसत असायची, आणि मला त्या हसण्यातलं काहीच कळायचं नाही.

आई अचानक गेली. त्यानंतर गाडी शेडमध्येच राहिली. एका रविवारी दादा चहाचा कप हातात घेऊन तिच्याकडे बघत उभे होते. म्हणाले, "नंदा, स्टिअरिंग उजवीकडे आणता येईल का गं?"

"कशाला?"

"मनोरीला जायचंय. आणि मला आता कोण सांगणार, जा म्हणून?"

त्याच रात्री मी टेप घेऊन गाडीखाली शिरले.

आमच्या मदतीला पेडणेकर होते. घाटकोपरला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. मूळचे मालवणचे आणि दादांचे जुने मित्र. गाडीची चाकं वळवते ती इंजिनाखालची आडवी दातेरी दांडी, म्हणजे रॅक. स्टिअरिंग उजवीकडे न्यायचं तर रॅकचं तोंडही उजवीकडे हवं. मी म्हटलं, सोपं आहे, रॅक उलटी करून बसवू. कागदावर काढून दाखवलं. दादांना पटलं, पेडणेकरांना पटलं. तीन रविवार खपून आम्ही ती बसवली. क्लच-ब्रेकचे पेडल उजवीकडे आणले, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला नवं भोक पाडलं. गाडी जॅकवर होती. दादा उजव्या बाजूला बसले आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

चाकं डावीकडे वळली.

दादांनी डावीकडे फिरवलं. चाकं उजवीकडे. पेडणेकर कपाळावर हात मारून म्हणाले, "वाट लागली! गो बाय, ही तर नवऱ्यासारखी झाली. सांगितलेल्याच्या उलटा करता!"

आणि दादा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून घरात तो आवाज आला नव्हता. माझं ड्रॉइंग सपशेल चुकलं होतं, पण मला लाज वाटायची राहूनच गेली.

पेडणेकरांनी मग मोटारसायकलची चेन लावून डावीकडची जुनी रॅक फिरवायची युक्ती काढली. दादा नको म्हणाले. चेन सैल पडली, उतरली, तर? शेवटी कुर्ल्याच्या भंगारातून अँबॅसिडरची रॅक आणली. ती मुळात उजव्या हाताची, पण आमच्या गाडीला लांब. तिच्या दोन्ही टोकांच्या दांड्या नव्या, आखूड घडवल्या. मधे सायलेन्सरचा पाइप आडवा येत होता, म्हणून स्टिअरिंगचा दांडा दोन सांध्यांनी वळवून त्याच्या बाजूने नेला. जुन्या दांड्याला तुकडा वेल्ड करू, असं मी सुचवलं, तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "ह्या गाडीत तू बसणार आहेस." लेथवर अख्खा नवा दांडा बनला. डॅशबोर्ड दादांनी स्वतः लाकडाचा केला. (हल्ली असलं काही घरी करायला जाऊ नका. आरटीओवाले गाडी ठेवून घेतील.)

"तू बसणार आहेस" हे वाक्य मला वर्कशॉपमधून घरी आल्यावर कळलं. मी कधीच त्या गाडीत बसून गल्लीबाहेर गेले नव्हते.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी निघालो. दादा उजवीकडे, म्हणजे आईच्या जागी. मी डावीकडे, दादांच्या जुन्या जागी. बसताना दोघंही क्षणभर थांबलो. मग त्यांनी किल्ली फिरवली. हायवेवर गार वारा होता. इतक्या खाली बसून जग वेगळंच दिसतं. ट्रकची चाकं कानाजवळून जातात. बोरिवलीला रस्त्याकडेच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पाव ताजे. वेटरने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दादांना विचारलं, "साहेब, शूटिंग आहे काय?"

"आहे ना," दादा म्हणाले. "ही हिरॉइन."

दहिसरच्या अलीकडे आम्ही गवताच्या ट्रकमागे अडकलो. गवताच्या काड्या उडून आमच्या केसांत येत होत्या. दादा काही पुढे जाईनात. मागून एक टॅक्सी हॉर्न देत निघून गेली, मग एक टेम्पो. दादा आपले शांतपणे ट्रकमागे. मला आधी वाटलं, नव्या स्टिअरिंगवर भरवसा नसेल. मग लक्षात आलं, ते वाट बघत होते.

मी म्हटलं, "जा, दादा."

"तुला काय दिसतंय तिथून?"

"काही नाही. नुसतं गवत."

ते हसले. मग मान जरा उजवीकडे काढून त्यांनी स्वतः रस्ता बघितला, आणि गाडी काढली. ट्रक मागे पडला.

काशिमिऱ्याला डावीकडे वळून भाईंदर, मग रेल्वेचं फाटक, मग दोन्ही बाजूंना मिठागरं. हा पट्टा मला फार आवडला. पांढरे ढीग, पाण्यात उतरलेलं आभाळ, आणि एकही इमारत नाही. उत्तनला चढ आहे. तिथे गाडी जरा कुरकुरली. पुढे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. वास येतो, पण दोन वळणांनंतर नाकाला सवय होते.

मनोरीत ती दोघं ज्यांच्याकडे उतरायची त्या रोझीबाई अंगणात मासे साफ करत होत्या. गाडीचा आवाज ऐकून हात न धुताच फाटकाशी आल्या. उजवीकडे बघून ओरडल्या, "बाय!" आणि त्या जागी दादा दिसल्यावर गोंधळल्या.

"बाय नाय आली?" आईला त्या बाय म्हणत.

मला वाटलं आता मलाच बोलावं लागणार. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आत्या नाहीतर मी सांगायचो. दादा तेवढ्यात आत जायचे. पण ते गाडीतून उतरले आणि म्हणाले, "गेली ती, रोझी. पावसाच्या आधी. झोपेतच गेली."

रोझीबाई तिथेच फाटकाच्या दगडावर बसल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू नंदा," त्या म्हणाल्या. "बाय हिता बसून तुझाच बोलायची. दोन दिस राहायला यायची आन् सांज पडली का म्हनायची, चला आता, पोर एकटी हाय."

मी दादांकडे बघितलं. ते म्हणाले, "खरंय. एकदाही रात्र काढली नाही इथे. सूर्य बुडाला की हिची चुळबुळ सुरू."

मी वाळूत जाऊन उभी राहिले. समुद्र तसा साधाच होता, जुहूसारखाच, फक्त माणसं कमी. इतकी वर्षं मी समजत होते की ती दोघं मला विसरून इथे सुखात असतात.

रोझीबाईंनी वर्षभरासाठी बाटलीत भरून ठेवलेल्या मसाल्याचं माशाचं कालवण, तळलेले बोंबील आणि तांदळाच्या जाड रोट्या वाढल्या. दादा पोटभर जेवले.

परत येताना मी किल्ली मागितली. दादांनी दिली. आता मी आईच्या जागी, आणि दादा त्यांच्या नेहमीच्या डाव्या सीटवर, जिथे आता स्टिअरिंग नव्हतं. उत्तनचा उतार आला तसा त्यांचा पाय रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबू लागला. मला हसू येत होतं, पण मी ते दाबलं. भाईंदरच्या फाटकावर गाडी थांबली. ऊन कलतं होतं. दादा मिठागरांकडे बघत होते. तसेच, मान न वळवता म्हणाले, "कुसुम, पाणी दे गं."

कुसुम माझी आई. मी सीटमागची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. ते प्यायले, बाटली परत दिली. फाटक उघडलं.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आत्याने विचारलं, "कसं आहे गं मनोरी?" मी म्हटलं, छान आहे. खरं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. मला ज्या प्रवासाची ओढ होती तो तिघांचा होता, आणि त्या गाडीत तिसरी जागा बसवणं पेडणेकरांनाही जमलं नसतं. पण दादांनी 'गेली' हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारला, आणि मला कळलं की संध्याकाळी तिथून कोणीतरी माझ्यासाठी उठायचं. ह्या दोन गोष्टी मी मनोरीहून घेऊन आले.

हात धुताना दादांनी विचारलं, "पुढच्या रविवारी कुठे?"

"तुम्ही दोघं कधी गेला नाहीत असं काय राहिलंय?"

त्यांनी पुष्कळ विचार केला. "वज्रेश्वरी. तिला त्या गरम कुंडांची भीती वाटायची."

मग आम्ही वज्रेश्वरीला गेलो. गाडी वाटेत दोनदा बंद पडली, आणि दोन्ही वेळा धक्का मारायला दादा खाली उतरले.