सांग तुझ्या अण्णांना

दहावीला इंग्रजीच्या सरांनी डायरेक्टचं इनडायरेक्ट करायला शिकवलं, तेव्हा वर्गात ते मला सगळ्यांच्या आधी जमलं. जमणारच. घरी माझा दुसरा धंदा काय होता?

दुष्काळात देवगाव रंगारीची आमची विहीर आटली आणि अण्णांनी चितेगावच्या एका कंपनीत नोकरी धरली. आम्ही शहरात, छावणी भागात एका खोलीत राहायला आलो. पाऊस पडला की परत जायचं, असं त्यांनी आईला कबूल केलं होतं. पाऊस पडला. अण्णा म्हणाले, "आता कुठं जायचं? तिथं काय हाय?" आईनं अबोला धरला. अण्णाही काही कमी नव्हते.

मग मधे मी. आई स्टोव्हपाशी, अण्णा खाटेवर.

"सांग तुझ्या अण्णांना, टँकर आलाय."

"सांग तिला, म्हणावं ऐकू आलंय मला."

ऐकू दोघांनाही यायचं, पण मी सांगितल्याशिवाय कुणी हलायचं नाही. मला दोघांचाही संताप यायचा. सर म्हणायचे, अवतरणचिन्हं काढा, 'हिअर'चं 'देअर' करा. निरोपातला राग कसा काढून टाकायचा ते माझं मी शिकले. आई म्हणायची, "सांग, आग लागो तुमच्या शहराला." मी सांगायचे, आईला गावाची आठवण येते. अण्णा भिंतीकडं बघत बसायचे. वाटायचं, अशानं एक दिवस बोलतील. कसलं काय! शहर चितेगावच्या दिशेनं पसरत गेलं, माझं लग्न झालं, आणि माहेरी गेले की दोघांचे निरोप माझी वाट बघत असायचे.

अण्णा गेले तेही दुष्काळातच. दहाव्याला पैठणला नदीचं पात्र कोरडं होतं. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. काकांनी हात जोडून सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा फांदीवर ढिम्म. शेवटी गुरुजी आईला म्हणाले, "त्यांच्या मनात काही राहिलं असेल. तुम्ही बोला."

आई पुढं आली. पिंडाकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"सांग तुझ्या अण्णांना, म्हणावं मी जात नाय गावाकडं. इथंच राहते."

मी सांगितलं, जसंच्या तसं. कावळा आला नाही. उन्हं चढल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही निघालो.

जीपमध्ये आई माझ्या शेजारी बसली होती. बिडकीन मागं पडल्यावर तिनं हळूच विचारलं,

"काय म्हणले?"