आरोपाची विभक्ती

पेणच्या शाळेतले आमचे इंग्रजीचे सर जिवंत माणसांवर तर डाफरतच, पण दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या रोमन पंडितांनाही सोडत नसत. आम्ही त्यांना ‘लॅटिनसर’ म्हणायचो, अर्थात, पाठीमागे.

त्यांचा सगळा राग एका शब्दावर: अ‍ॅक्युझेटिव्ह. म्हणजे आपली द्वितीया, कर्माची विभक्ती. “मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जे घडवलं ते’. पण त्याच शब्दाच्या कुळात आरोप करणंही होतं. लॅटिनमध्ये आणताना त्या रोमन गाढवानं नेमकं तेच उचललं! घडवलेली वस्तू आरोपी होऊन बसली!” इथे खडू मोडायचा.

मी कासूकडच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या मिठागरवाल्याची मुलगी. घरी तो शब्द घोकत बसायचे. आई वैतागायची, “कोण आक्का जेवते गो सारखी? आपल्यात आक्का हाय तरी कोण?” मी कपाळाला हात लावायचे. माझेच केस तेलानं चपचपीत आणि डोक्यात नुसती हवा!

सरांना मी डोळ्यांसमोर नको असायचे. “मिठागरवाल्यांनी इंग्रजी खारट करू नये,” म्हणायचे.

रोह्याच्या इंग्रजी निबंधस्पर्धेला शाळेतून एकच नाव जाणार होतं. बाबांनी बजावलं होतं, “नाव गेला तर फुडं शीक. नाय तर मिठागरावर ये.” मी मिठागरावरच लिहिलं. ‘मीठ धरण्याआधी पाण्यावर साय येते’ या वाक्याखाली सरांनी लाल रेघ ओढली आणि भर वर्गात विचारलं, “कुठून चोरलंस?”

“मी घडवलंय ते, सर. तुम्ही आरोप लावलात. तो रोमन चुकला तिथंच तुम्ही चुकलात.”

केवढी झाशीची राणी वाटले मी मला! घाबरून ‘रोमन’चा ‘रावण’ केला होता, हे मैत्रिणींनी नंतर सांगितलं.

सरांनी कोरा कागद पुढे टाकला. “भातशेतीवर लिही. माझ्यासमोर.” लिहिलं. वाचून म्हणाले, “यात एकही ‘the’ जागेवर नाही. त्यातही नव्हता. दोन्ही तुझेच.” नाव पाठवलं. माफीचा एक शब्द नाही.

बक्षीस मिळालं नाही, शाळा मिळाली.

निरोपसमारंभात सगळ्या मुली त्यांच्या पाया पडल्या. मी ताठ उभी.

“राग आहे माझ्यावर?”

“व्हय.”

“राहू दे. इंग्रजी टिकेल.”

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझं इंग्रजी कधीच गेलं, नातवंडं हसतात. राग मात्र चांगला टिकलाय.