शिंपीणमावशींची द्राक्षवेल

मावशींची द्राक्षवेल मी कापली, हे कबूल. पण नुसती कापून थांबलो नाही. काड्या गोळा करून जाळल्यासुद्धा. चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना बायबलमधला फळ न देणाऱ्या फाट्याचा धडा शिकवायचा होता. तो कापतात आणि अग्नीत टाकतात, हे प्रत्यक्ष दाखवलं तर डोक्यात पक्कं बसेल, असं मला वाटलं. चर्चमागच्या भिंतीवर वेल होतीच. थंडीत तिच्यावर औषधालाही पान नव्हतं. मी म्हटलं, वाळली.

धूर बघून मावशी आल्या. गळ्यात टेप, ओठांत चार टाचण्या. अर्ध्या मंडळीच्या कमरांची गुपितं त्यांच्या वहीत होती. तोंडात कायम टाचण्या असायच्या म्हणूनच ती बाहेर फुटली नाहीत. चर्चची बाग ही त्यांची बिनपगारी नोकरी. वेल त्यांच्या यजमानांनी लावलेली. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीचा रस तिच्याच द्राक्षांचा. यजमान गेले तेव्हा मावशींनी महिनाभर मशीनला हात लावला नाही, पण वेलीचं पाणी एक दिवस चुकलं नाही.

त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या.

"माप न घेता कात्री लावलीस?"

"मावशी, वाळली होती हो ती."

"झोपली होती! तुला दुपारी घोरताना बघून कुणी पुरलं का कधी?"

मुलं खदखदा हसली. मावशींनी खाली बसून उरलेल्या बुंध्याची साल नखानं खरवडली. आत हिरवट रेघ दिसली. "जीव आहे," त्या म्हणाल्या, पण आवाज जरा उसवला होता.

दुसऱ्या दिवसापासून बादल्या वाहायचं काम माझ्याकडे आलं. पाणी घालून मी बुंध्यापुढे बसून राहायचो.

"कोंब का फुटत नाही हो?"

"तू असा डोळे वटारून बसलास तर कोण येईल बाहेर?"

मग एकदा, तण उपटता उपटता, त्या आपणहून बोलल्या. "आमचे हे छाटणीआधी अर्धा दिवस नुसते बघत बसायचे. कोंब कुठून फुटणार ती जागा बोटाला लागल्याशिवाय कात्री नाही. देवही तसाच छाटतो बघ, चाचपून. हे गेले तेव्हा मला वाटलं, त्यानं मला मुळासकट उपटलं. तसं नव्हतं. चल, पाणी आण."

थंडी सरली. एका सकाळी बुंध्यावर गुलाबी, लवदार कोंब दिसला, तांदळाएवढा. मी धावत मावशींच्या शिलाईच्या दुकानात गेलो. मावशी आल्या त्या पाळकसाहेबांच्या झग्याची अर्धी शिवलेली बाही हातात घेऊनच. कोंबाला त्यांनी बोट लावलं न लावलं, आणि त्या बाहीलाच डोळे पुसले.

मी संधी साधली. "मावशी, आता तरी माफ केलंत ना?"

"माफ त्याच दिवशी केलं रे, पण वेलीला हात लावायचा नाही!"