मी लिहून दिलेलं एक वाक्य

टीव्हीवर चुकून आइस हॉकी लागली आणि मैदानाभोवतीच्या फळीवर माणूस आदळल्याचा तो भरीव आवाज आला, की मी आधी रिमोट शोधते. घरातले हसतात. त्यांना वाटतं, बाईला मारामारी बघवत नाही. तसं अजिबात नाही. मी जवळजवळ दोन मोसम ती मारामारी खेळाडूंच्या बाकामागे बसून पाहिली आहे आणि टाळ्याही वाजवल्या आहेत. मला किळस येते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तिच्यात मी स्वतः मोडते.

नव्वदच्या दशकात माझा नवरा सेंदाईला विद्यापीठात पोस्ट-डॉक होता. मी पुण्यात जपानीच्या परीक्षा देऊन तिकडे गेले होते, त्यामुळे तिथल्या बाकीच्या भारतीय बायका स्टेशनावरच्या पाट्या जुळवत असताना मी कचरा टाकायच्या वारांवरून शेजारणीशी व्यवस्थित भांडू शकत होते. एवढ्या भांडवलावर मला काम मिळालं. अर्थात तिथे अनोळखी माणसाला कोणी सहजी कामावर घेत नसे, मध्ये शब्द टाकणारा लागे. माझ्यासाठी तो नवऱ्याच्या सेन्सेईंनी, म्हणजे त्याच्या प्राध्यापकांनी टाकला. त्यांचे एक जुने मित्र माशांचे डबे भरणाऱ्या कंपनीत होते, सेंदाईहून ट्रेननं तासाभरावर, बंदराच्या गावात. त्या कंपनीचा आइस हॉकीचा संघ होता. संघात कॅनडाहून आणलेला एक खेळाडू होता आणि त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं. मी आठवड्यातून चार दिवस जायची. तिथे माझं नाव कोणी घेतलं नाही. मी ‘त्सुयाकु-सान’, दुभाषीबाई.

सेन्सेईंचे हे मित्रच संघाचे प्रमुख होते. कंपनीत ते खातेप्रमुख, म्हणून सगळे त्यांना ‘बुचो’ म्हणत. मऊ आवाजाचा, स्वच्छ नखांचा माणूस. दर सोमवारी ते आदल्या सामन्याची व्हिडिओ टेप लावत आणि जिथे जिथे कॅनडावाल्यानं कोणाला तरी फळीवर चेपलं असेल, तिथे ती थांबवून पुन्हा मागे नेत. मग चहाचा घोट घेऊन म्हणत, “छान. पण अजून जोरात.” मी ते इंग्रजीत सांगायची. पहिल्या मोसमात एवढं एकच वाक्य मी इतक्या वेळा सांगितलं, की कॅनडावाला माझ्याआधीच मान डोलवायला लागला.

तो पोरगेलासा, लाजाळू माणूस होता. त्याला माशाचा वास सहन होत नसे, आणि राहायला होतं माशांच्याच गावात. कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या पावावर आणि उकडलेल्या अंड्यांवर तो दिवस काढायचा. बाकीचे खेळाडू सकाळी कंपनीत टेबलाशी बसून दुपारी सरावाला येत. याला मात्र धडका मारायलाच आणलेलं होतं आणि ते त्याला कोणी लपवून सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या मोसमात, जानेवारीत, होक्काइदोचा एक संघ आमच्याकडे खेळायला आला. त्यांचा एक खेळाडू फळीपाशी वाकून चकती काढत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती, पाठीवरचा आकडा मला सुद्धा स्पष्ट वाचता येत होता. कॅनडावाला अर्धं मैदान ओलांडून आला आणि मागून त्याच्यावर गेला. आवाज झाला, स्टँडमधून आरोळी उठली, आणि माझे तळवे एकमेकांवर आपटले. मी टाळी वाजवली. मग दिसलं, की तो माणूस उठत नाहीये, त्याचा एकच पाय हलतोय. लोक लगेच गप्प झाले, अगदी शिस्तीत. मी हात कोटाच्या खिशात घातले, कोणीतरी ते बघेल म्हणून.

पंचांनी कॅनडावाल्याला बाहेर काढलं. दोन दिवसांनी तोक्योहून लीगच्या समितीचा निरोप आला: उरलेल्या मोसमाची बंदी विचाराधीन आहे, संघाचं म्हणणं कळवावं.

त्या दिवसापासून कार्यालयात एकच चर्चा. शिक्षा फार कडक आहे. हा काय फुलं मांडायचा वर्ग आहे का? धडका काढून टाकल्या तर बर्फावर उरतं काय, लोक कशाला येतील? जो तो तावातावानं बोलत होता आणि एकाच्याही तोंडी इस्पितळातल्या माणसाचं नाव नव्हतं. मला शिसारी आली. आणि तरी, खरं सांगायचं तर, एका बाबतीत मला त्यांचं पटत होतं. कॅनडावाल्याला एकट्यालाच शिक्षा करणं अन्याय होता. ‘अजून जोरात’ तो स्वतःच्या मनानं शिकला नव्हता. ते बुचोंनी म्हटलं होतं, मी इंग्रजीत करून दिलं होतं आणि स्टँडमधल्या चार हजार खुर्च्यांनी टाळ्या वाजवून पक्कं केलं होतं. आम्हाला कोणी एक दिवसाचीही बंदी घालणार नव्हतं. शिक्षा जास्त की कमी, यावर तावातावानं बोलणारे सगळे शिक्षेच्या बाहेर उभे होते, मी धरून.

चौथ्या दिवशी बुचो, कॅनडावाला आणि मी, असे आम्ही तिघं इस्पितळात गेलो. तिथे याची रीतच आहे. आपल्यामुळे कोणी जायबंदी झालं, की काळे कपडे घालून भेटायला जायचं, सोबत उंची खरबूज न्यायचं, वाकायचं आणि माफी मागायची. खरबूज लाकडी पेटीत होतं. कॅनडावाल्याचा कोट खांद्यात घट्ट होत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता; ट्रेनमध्ये त्यानं मला दोनदा विचारलं, “मी त्याला पत्र लिहू का? तुम्ही भाषांतर कराल ना?” मी हो म्हटलं होतं.

खाटेवरच्या माणसाच्या डोक्याभोवती लोखंडी चौकट होती. मानेचा मणका चिरला होता आणि डाव्या हाताची मूठ मिटत नव्हती. होक्काइदोहून आलेली त्याची बायको भिंतीला लागून उभी होती. बुचो कमरेतून वाकले, कॅनडावाल्यानं त्यांचं बघून तसंच केलं, आणि मी त्याच्या माफीचे शब्द जपानीत सांगितले.

खाटेवरून उत्तर आलं, “छे, छे. माझंच लक्ष नव्हतं. तुम्हाला एवढ्या लांब यायला लावलं, उलट मीच माफी मागतो.”

हे ऐकून कुठल्याही मराठी माणसाला काय समजायचं ते समजेल. लग्नात कोणी आपल्या साडीवर आमटी सांडली, की आपण काय म्हणतो? “अहो, राहू द्या, मीच मध्ये उभी होते.” म्हणून काय आमटी आपण सांडलेली असते? समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून आपण थोडं आपल्या अंगावर घेतो. त्या माणसानं मोडलेल्या मानेनं तेवढं केलं. त्याच्या बायकोनं त्याच वेळी डोळे मिटून घेतले, हेही मी पाहिलं.

परतताना प्लॅटफॉर्मवर बुचो माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“त्सुयाकु-सान, ते काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत.”

“हो.”

“तेवढं लिहून द्या. जपानीत आणि इंग्रजीत. समितीला पाठवायचं आहे. आमच्यातल्या कोणी लिहिलं तर ते धरणार नाहीत. तुम्ही बाहेरच्या.”

मी म्हटलं, “पण बुचो, ते रीत म्हणून तसं बोलले.”

“पण म्हणाले ना?”

“म्हणाले.”

“मग तेवढंच लिहा. एक अक्षरही खोटं नको.” गाडी येताना दिसत होती. त्यांनी मफलर नीट केला आणि त्याच मऊ आवाजात विचारलं, “सेन्सेई बरे आहेत ना? तुमच्या यजमानांच्या नेमणुकीचं मार्चमध्ये पुढचं ठरायचं आहे, असं म्हणत होते.”

ते एवढंच बोलले. त्यांनी दम दिला, असं कोणी म्हणू शकणार नाही. मला मात्र अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं: ‘माझंच लक्ष नव्हतं, असं जखमी खेळाडूनं माझ्यासमोर सांगितलं.’ खाली सही केली. अक्षर मुद्दाम सुरेख काढलं, कारण मला माझ्या जपानी अक्षराचा अभिमान होता. हेही इथे सांगून टाकते.

बंदी तीन सामन्यांवर आली. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: जखमी खेळाडूनं स्वतःचं लक्ष नसल्याचं मान्य केलं आहे. कार्यालयात कोणीतरी बिअर आणली. कॅनडावाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “तो खरंच असं म्हणाला होता ना?” मी हो म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्यादेखत उतरला. पत्राचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आठवड्याभरानं तोच मला सांगत होता, की तो माणूस स्वतः कबूल करतोय, मग तीन सामने सुद्धा जास्तच झाले. मला त्याचीही घृणा वाटायला लागली, आणि ते पूर्ण योग्य नव्हतं. त्याच्या मनाला लागलेली चांगली टोचणी मीच काढून घेतली होती.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी परतत होता. “अगं, पण तू खोटं कुठे लिहिलंस? जे ऐकलंस तेच ना?” म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं. मी ताटं घेतली.

पुढच्याच आठवड्यात मी एकटी इस्पितळात गेले. का गेले, नीट सांगता येत नाही. माफी मिळते का ते बघायला गेले असेन. त्या माणसाची बायको मजल्याच्या टोकाला बेसिनपाशी त्याचा पेला घासत होती. मला बघून तिनं हात पुसले, नमस्कार केला, आणि आवाज जराही न चढवता बोलायला लागली.

हाताच्या बोटांतली ताकद परत येणार नव्हती. तिचा नवरा ज्या कंपनीच्या संघात होता तिथेच नोकरीला होता, आणि खेळताना जायबंदी झालेल्याला तिथे टेबलावरचं काम देऊन निवृत्तीपर्यंत सांभाळत. पण आता वर्तमानपत्रातल्या त्या ओळी तिथे पोचल्या होत्या. स्वतःच्या निष्काळजीपणानं मान मोडून घेतली, असं स्वतःच म्हणतोय, मग त्याला ठेवायचा कसा, असं वरिष्ठ म्हणत होते. त्यांनी राजीनाम्याचा कागदही पाठवून दिला होता.

“तो ते वाक्य फक्त समोरच्याचा मान राखायला बोलला,” ती म्हणाली. “मी तिथेच होते, पण मी बायको. माझं कोण धरणार? तुम्ही तेवढं लिहून द्याल का? की तो रीतीनं बोलला होता. आणि धडक मागून बसली, हे तुम्ही पाहिलंत.”

“उद्याच आणून देते,” मी म्हटलं. “चारच्या बसनं येते.”

तिनं ओल्या हातांनी माझा हात धरला. जपानी बाई परक्या माणसाचा हात धरत नाही, मला तरी दुसरा प्रसंग आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी लिहिलं. या वेळी चांगलं पानभर लिहिलं: पाठीवरचा आकडा, फळी, खरबूज, वाकणं, तिनं मिटलेले डोळे. नवऱ्यानं ते वाचलं. लिहू नकोस, असं तो म्हणाला नाही. “मार्चपर्यंत थांबता येणार नाही का?” एवढंच म्हणाला. “सेन्सेईंनी शब्द टाकलाय गं तुझ्यासाठी. तू बुचोंना तोंडघशी पाडलंस तर ते सेन्सेईंवर जाईल. मग माझं काय होईल?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सेन्सेईंनी मला कधी एका शब्दानं दुखावलेलं नव्हतं. मी रागानं म्हटलं, “मी उद्या जाणार.”

आणि दुसऱ्या दिवशी मी गेले. लिफाफा पर्समध्ये होता. ट्रेननं इस्पितळाच्या गावी उतरून स्टेशनावरून चारची बस पकडली. बर्फ पडत होतं, बसच्या काचा आतून धुरकटल्या होत्या, आणि वाटेत मी सारखी मार्चपर्यंतचे आठवडे मोजत होते. राजीनाम्यावर सही करायला कोणी एवढी घाई करतं का? पुढच्या आठवड्यात दिलं तर नाही चालणार? नवऱ्याचं एकदा ठरू दे, मग मी तोक्योच्या समितीलाही लिहीन, वर्तमानपत्रालाही लिहीन. इतकं सगळं मी त्या वीस मिनिटांत ठरवलं.

इस्पितळाचा थांबा आला. मी बाहीनं काच पुसली. ती थांब्यावरच उभी होती, कोट न घालता, वॉर्डातल्या सपाता घालून, केसांवर बर्फ. दार उघडलं, दोन म्हाताऱ्या सावकाश उतरल्या. तिनं मला खिडकीत पाहिलं. मी आता उतरणारच, अशा खात्रीनं ती तिथेच बर्फात कमरेतून वाकली, खोलवर, आणि बराच वेळ तशीच राहिली. तिनं मान वर केली तोवर दार बंद झालं होतं आणि मी आतच बसलेली होते.