आमच्या गावात रजिस्टर कोणी घेत नाही

गेल्या आठवड्यात टपालाची पिशवी घेऊन दिंडोरीला गेलो, तर पोस्टातल्या साहेबांनी विचारलं, "किसन, एका गावातून इतकी रजिस्टर पत्रं परत कशी येतात रे? लोक गाव सोडून गेले की काय?"

मी म्हणालो, "साहेब, लोक सगळे जागेवर आहेत. म्हणूनच परत येतात!"

मग चहा आला आणि मी एक किस्सा सांगितला. त्यावरून दुसरा आठवला, दुसऱ्यावरून तिसरा. किस्से असेच साठत जातात. सांगताना हसू येतं, पण घडत असताना कोणी हसत नाही. शेवटी साहेब म्हणाले, "लिहून काढ." काढतोय.

*

मी गावचा पोस्टमन, बावीस वर्षं झाली. कारखान्यांच्या वसाहतीसाठी आमच्या गावची जमीन जाणार, हे पेपरात वाचलं होतं. पण पेपरातली जमीन वेगळी आणि नोटिशीतली वेगळी. नोटिशीत गट नंबर असतो आणि आपल्या बापाचं नाव असतं.

एका सोमवारी रजिस्टरांचा गठ्ठाच आला. पहिलं घर संपतचं. त्याने हसत हसत पेन घेतलं, 'संप' एवढं लिहिलं आणि विचारलं, "कुठून आलंय?"

मी सांगितलं. त्याने पेन फेकलंच!

"अर्धी सही धरत नाय ना?"

"नाही."

"मग ने परत."

तिसऱ्या घरापाशी पोहोचलो तर दार लावलेलं. मी मोटारसायकलवर आणि बातमी मोबाइलवर. माझा काय टिकाव लागणार?

*

त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. नाना म्हणजे आमच्या गावचं वजनदार माणूस. त्यांची द्राक्षबाग जाणार होती. त्यांनी मधोमध बेल-भंडारा ठेवला आणि म्हणाले, "कुठल्याच घरानं रजिस्टर घ्यायचं नाय. एकानं घेतलं की दुसरा ढिला पडतो."

कोणीतरी म्हणालं, "दुसऱ्या कामाचं असलं तर?"

"पाकिटावरून काय कळतंय? कुठलंच नाय! ज्यानं घेतलं त्यानं गाव विकलं."

एकेकाने भंडारा उचलून शपथ घेतली. माझी पाळी आली. मी म्हणालो, "नाना, मी टपाल वाटलं नाही तर नोकरी जाईल."

मागून आवाज आला, "मग जाऊ दे की! आमची जमीन जातीये."

तेवढ्यात भीमाआजी उठली. सत्तरीची, एकटी बाई. दीड एकर टमाट्याचं रान, जगायला तेवढंच. ती म्हणाली, "त्यो देईल, आपुन घ्यायचं नाय. ज्यानं त्यानं आपलं काम करावं. भांडान कशापायी?"

सभा मोडली. पण माझ्या बायकोला त्या वर्षी हळदीकुंकवाचं एकही बोलावणं आलं नाही.

*

पुढे तालुक्याच्या वकिलाने गावाला सांगितलं, "नोटीस नाकारली तरी मिळाल्यासारखीच धरतात. त्यापेक्षा घरी सापडूच नका!"

झालं! अकरा वाजता माझी गाडी वेशीवर आली की घरोघरी कुलपं. ज्या घरांना कडीसुद्धा धड नव्हती, तिथे नवीकोरी कुलपं लटकायला लागली.

एकदा रावसाहेबाच्या दारावर कुलूप होतं. त्याची बायको त्याला आत ठेवून, बाहेरून कुलूप घालून, किल्ली कनवटीला लावून छाटणीच्या कामावर गेलेली. मी पाकिटावर 'घर बंद' असा शेरा मारत होतो, तर खिडकीतून हळूच हाक आली, "किसना, सरपंचाकडं दुसरी किल्ली हाय. तेवढी पाठव रं. परसाकडं लागलीया!"

मी म्हणालो, "रावसाहेब, म्हणजे तुम्ही घरात आहात?"

आतून खिडकी लागली. मग उत्तर आलं, "नाय!"

*

श्रावणात तुकारामच्या नावाने रजिस्टर आलं. पाठवणारी त्याची बहीण, इगतपुरीची. पाकीट दाबलं की आतली राखी हाताला लागत होती. त्याने दोन्ही हात मागे बांधले, पाकिटाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ने परत. भंडारा उचललाय मी."

मी पाकीट परत पाठवलं. पाच दिवसांनी बहीण स्वतः एसटीने आली, नखशिखान्त भिजलेली. भावाला राखी बांधली आणि तडक माझ्या दारात!

"राखी परत पाठवतोस? तुला बहीण हाय का नाय?"

"नाही," मी म्हणालो. खरंच नाही.

तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग पिशवीतून दुसरी राखी काढून म्हणाली, "हात कर पुढं. पन पुढच्या वर्साला परत पाठवलीस तर बघ!"

*

एक दिवस जीप आली. भूसंपादनाचे साहेब उतरले, सोबत पोलीस. नोटिसा आता दारांवर चिकटवायच्या होत्या, पण कुठलं घर कोणाचं हे सांगायला गावात एक माणूस तयार नव्हता. साहेबांना माझी खाकी पिशवी दिसली.

"तू पोस्टमन ना? चल, घरं दाखव."

पारावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. कोणाच्या हातात काही नव्हतं, पण मी पिशवी छातीशी धरली.

मी म्हणालो, "साहेब, मला घरं नीट माहीत नाहीत."

"पोस्टमन आणि घरं माहीत नाहीत? नवीन आहेस का?"

"हो साहेब."

"किती दिवस झाले?"

तोंडातून खरं तेच निघालं, "बावीस वर्षं!"

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. तक्रार करतील म्हणून मी आठवडाभर धड जेवलो नाही. पण त्या दिवशी गिरणीवाल्याने माझं दळण बऱ्याच महिन्यांनी वेळेवर दिलं.

*

आता शेवटचा. हा सांगताना पोस्टातल्या साहेबांचा चहा गार झाला होता.

नानांची मुलगी पूनम नर्सिंग शिकलेली. सरकारी दवाखान्यातल्या भरतीची परीक्षा तिने दिली होती. एक दिवस तिच्या नावाचं रजिस्टर आलं. पाकीट नोटिशीसारखंच, तपकिरी, लांबट. फक्त शिक्का आरोग्य खात्याचा. तिच्या मैत्रिणीला तसंच पत्र आलं होतं. मूळ पत्र घेऊन मुदतीत हजर व्हा, नाहीतर पुढच्या नंबराला बोलावू, असं त्यात लिहिलं होतं.

मी पूनमला फोन केला. "गुपचूप येऊन घेऊन जा. कोणाला कळणार नाही."

ती म्हणाली, "किसनकाका, चोरून घेतलं तर गाव म्हणेल, नानांच्या घरात चोरून कागद येतात. अजून काय काय आलं असेल, असंही म्हणेल. नाना म्हणतील तेव्हाच घेईन." आणि फोनवरच रडायला लागली.

रजिस्टर आम्ही सात दिवस ठेवतो, मग परत पाठवतो. सहा दिवस मी नानांच्या दारावरून गेलो आणि सहाही दिवस कुलूप दिसलं. सातव्या दिवशी पारावर सभा होती, तिथेच गेलो. जमिनीच्या नोटिशींची दुसरी फेरीही पिशवीत होती.

सगळ्यांसमोर पाकीट वर धरून म्हणालो, "नाना, पूनमच्या नोकरीचं पत्र आहे. आज घेतलं नाही तर परत जाईल."

संपत म्हणाला, "घ्या नाना, पोरीचं हाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "आज पोरीचं, उद्या बागेचं!"

नानांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग म्हणाले, "नाय. भंडारा मीच उचलायला लावला. पयलं रजिस्टर माझ्या घरात नाय यायचं." पूनम आईशेजारी मान खाली घालून बसली होती. मला सगळ्यांचाच राग आला, नानांचा, गावाचा आणि माझ्या पिशवीचाही.

मी पाकीट पिशवीत ठेवलं आणि वळलो.

"किसना, थांब," भीमाआजीने हाक मारली. "माझं बी आलंय ना रं?"

"आलंय आजी. पण ते जमिनीचं आहे."

"ठाव हाय मला. काढ."

"आजी, ते घेतलं तर..."

"काढ म्हनते ना!"

मी पाकीट काढलं आणि शाईचं पॅड उघडलं. तिने अंगठा उठवला, पाकीट न फोडता कनवटीला खोचलं.

पदराला अंगठा पुसत ती नानांना म्हणाली, "पयलं माझ्या घरात आलं. आता पोरीला सहीला उठू दे."