ऊब कुठवर आली

आज सकाळपासून शेजारच्या स्वयंपाकघरातून मोहाच्या बियांचं तेल तापल्याचा वास येतो आहे. हा वास कुणाला आवडावा असा नाही. जड, थोडा कडवट, आणि एकदा घरात शिरला की मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा पडद्यांमागे, गाद्यांखाली जागा धरून बसणारा. आमच्या अड्याळला आता हे तेल वापरणारी घरं थोडीच उरली आहेत. बाकीच्यांकडे नळीतून पिळून काढायची मलमं असतात, पुदिन्याच्या वासाची, सभ्य. मी मात्र हातातलं पुस्तक मिटून खिडकीशी खुर्ची ओढली आहे आणि तो वास सावकाश आत घेते आहे. तुमच्याकडेही असा एखादा वास असेल, जो आवडतो म्हणून चारचौघांत सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी भाताच्या रोवणीच्या दिवसांत हा वास रोज संध्याकाळी माझ्या पायांना यायचा. 'माझ्या नाकाला' असं म्हणायला हवं, पण त्या दिवसांत माझं नाक ठणठणीत होतं आणि प्रश्न पायांचाच होता. त्याआधीचे सहा महिने नागपूरच्या दवाखान्यात गेले होते. आजाराचं नाव लिहीत नाही. ते उच्चारलं की लोक आवाज खाली आणतात, आणि मला त्या आवाजात बोललेलं आवडत नाही. आजार गेला. औषधांनी मात्र जाताना माझ्या तळपायांतली जाणीव सोबत नेली. जमिनीवर पाय ठेवला की कुणीतरी मध्ये जाड घोंगडी अंथरल्यासारखं वाटे, आणि संध्याकाळ झाली की त्याच बधिर पायांची आग होई. जाणीव परत येईल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "येते बऱ्याच जणांना. काहींना नाही येत. वर्षभर वाट पाहू. तोवर अनवाणी चालू नका, गरम पाण्यापासून जपा."

पण खरी भीती पायांची नव्हती. सहा महिने शरीरातली प्रत्येक हालचाल ही बातमी असायची, आणि बातमी वाईटच असायची. दुखतं का, किती दुखतं, एक ते दहामध्ये सांगा. कुठे बरं वाटतंय, हे विचारायला एकाही कागदावर रकाना नव्हता. हळूहळू मीही शरीराकडे त्याच नजरेनं पाहायला शिकले. जशी एखादी संशयी सासू सुनेच्या प्रत्येक भांड्याच्या आवाजावर कान ठेवते. पाठीवर ऊन पडलं तरी आधी वाटायचं, ताप तर नाही? अशा शरीरात उरलेलं आयुष्य काढायचं म्हणजे पोलीस चौकीत बिऱ्हाड केल्यासारखं होतं.

मुलीनं पुण्याहून मोबाइलवर एक ॲप पाठवलं. त्यातली बाई मधात बोट बुडवून बोलायची. "आता आपलं लक्ष तळपायांकडे न्या. तिथे काय जाणवतंय?" मी मोठ्यानं म्हणायची, "काही नाही." ती म्हणायची, "खूप छान." एकदा मी "आग होते आहे" म्हणाले, तेव्हाही तिनं "खूप छान"च म्हटलं. मग भंडाऱ्याला एका शिबिराला जाऊन आले. सुखाची जाणीव वाढवणारं शिबिर होतं. व्यासपीठावर नऊ माणसं, नवांना नऊ शाली, नऊ नारळ आणि एकमेकांच्या विनम्रतेवर भाषणं. दीड तासानंतर प्रत्येकाच्या हातावर एक मनुका ठेवला गेला आणि तो दहा मिनिटं चावायला सांगितलं. न्यायानं लिहायचं तर मनुका चांगला लागला. त्याच्या सुरकुत्या जिभेला एक एक करून कळल्या. जन्मभर मी मनुके मुठीमुठीनंच खाल्ले होते. तेव्हा या गोष्टीत काही तथ्य आहे हे मला तिथेच पटलं होतं. पण पटलेलं पायापर्यंत पोचायला आणखी कुणीतरी लागणार होतं.

ती माझी मोठी जाऊ निघाली. आसगावला तिची शेती. दीर गेल्यापासून ती एकटी पाहते. डझनभर बायांची टोळी घेऊन रोवणी करते, स्वतःच्या शेतात आणि लोकांच्याही. माझ्या यजमानांनी मला विश्रांतीसाठी तिच्याकडे नेऊन सोडलं, ते ऐन रोवणीत. विश्रांतीला याहून गैरसोयीचा मुहूर्त सापडणं कठीण होतं. पहाटे ती बांधीत, म्हणजे भाताच्या तुकड्यात, उतरायची. चिखल झाला की नाही हे वाकून पाहायची नाही. एक पाय आत घालायची, थोडं थांबायची, आणि वर न पाहता म्हणायची, "अजून एक फेरा मार रे, खाली ढेकूळ हाये." ट्रॅक्टरवाला कुरकुरत फेरा मारायचा आणि ढेकूळ निघायचं. तिच्या तळपायांना दिसत असे. माझ्या बधिर पायांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चप्पल घालून उभं राहून मी ते पाहत असे, आणि मला तिचा हेवा वाटे. चिखलातल्या एका बाईचा असा हेवा मी तीस वर्षं मराठी शिकवताना कधी केला नव्हता.

संध्याकाळी त्या बाया परसात पाय धुऊन बसायच्या. दिवसभर पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असत. मग तेल तापायचं आणि दोघी-दोघींच्या जोड्या लागायच्या. एकीनं दुसरीच्या पायाला तेल चोळायचं, मग उलट. आणि या टोळीची एक रीत होती. जिच्या पायाला तेल लागतंय तिनं दुसरं काही बोलायचं नाही, फक्त ऊब कुठवर आली ते सांगायचं. चोळणारी विचारायची, "कुठवर आली?" "टाचेले." "आता?" "घोट्यावर चढून राहिली." "आता?" "पिंडरीत. बस, झालं." मग पाय बदलायचा. दिवसभर हसून-भांडून थकलेल्या बाया तेवढा वेळ डोळे मिटून स्वतःच्याच पायाच्या आत बघत बसायच्या. नऊ शालींशिवाय.

जावेनं मला पहिल्याच संध्याकाळी समोर बसवलं. तेलाचं बोट आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिलं, मग माझा पाय मांडीवर घेतला.

"कुठवर आली?"

आली नव्हतीच. पण दिवसभर चिखलात वाकलेली साठीची बाई आपला पाय मांडीवर घेते, तेव्हा काय सांगणार? मी म्हणाले, "घोट्यापर्यंत, बाई."

दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी डोळे मिटून, चेहऱ्यावर थोडं समाधानही आणून म्हणाले, "घोट्यापर्यंत."

चोळणारा हात थांबला.

"मास्तरीनबाई," ती म्हणाली, "आज तेल म्या तापवलंच नाही."

परसातल्या सगळ्या बाया एकदम हसल्या. एकीला तर ठसका लागला. जाऊ हसली नाही.

"चार दिस झाले, तुयी ऊब रोज घोट्यापाशीच येते. टायमावर. यष्टी तरी कधी उशिरा येते व."

दुसरी म्हणाली, "शिकेल हाये ना ते. उत्तर पाठ करून आली."

मला फार लागलं. तीस वर्षं परीक्षेत मुलांच्या कॉप्या पकडल्या आणि आता बारा बायांच्या देखत मीच सापडले. डोळ्यांत पाणी आलं, आणि आल्यावर थांबेना. तेव्हा सहा महिन्यांत कुणालाही न सांगितलेलं तोंडून गेलं. "कुठंच नाही येत, बाई. काहीच नाही कळत. आता कधी कळणार नाही असं वाटतं."

"मंग असं सांग ना," ती म्हणाली. "नाही येत त नाही म्हनाचं. मले बरं वाटाव म्हून कायले सांगून राहिली? पाय तुये हायेत का माये?" आणि एका पोरीकडे तेलाची वाटी देऊन, "जाय, चुलीवर ठेव."

त्यानंतर पाच-सहा संध्याकाळी मी रोज "कुठंच नाही" असं सांगितलं. तिनं एकदाही "खूप छान" म्हटलं नाही, की येईल येईल म्हणून धीर दिला नाही. "बरं," म्हणायची आणि चोळत राहायची. गंमत अशी की नाही म्हणायची मोकळीक मिळाल्यावर मी पहिल्यांदा खरंच पाहायला लागले. तोवर मी उत्तर शोधत होते. आता नुसती पायात जाऊन बसू लागले. तिथली आग ओळखीची होती, ती आल्या आल्या दाराशी भेटायची. तिला ओलांडून पुढं जायचं, आणि तिथं रिकाम्या खोल्या. तरी रोज जायचं.

मग एका संध्याकाळी, उजव्या तळपायाच्या पोकळीत, मला काहीतरी खरखरीत कळलं. ऊब नव्हे. मांजराच्या जिभेसारखं काही. मी बोलले नाही. बोलले तर पळून जाईल असं वाटलं. पुन्हा आलं. तो तिचा अंगठा होता. वर्षानुवर्षं रोपं चिखलात दाबून निबर झालेला, तेलानंही मऊ न होणारा अंगठा. मी तिथंच लक्ष धरून बसले, आणि ते वाढलं नाही, पण उलगडलं. आधी खरखर, तिच्याखाली तेलाचा बुळबुळीतपणा, आणि त्या दोहोंच्या मध्ये कुठंतरी, अगदी बारीक, ऊब. इतकं बरं वाटलं की मी घाबरले.

"थांबू नका, बाई."

"कुठवर?"

"कुठवर नाही. इथंच. टिकलीएवढी."

तिनं अंगठा तिथंच ठेवला. "टिकली त टिकली," ती म्हणाली. "सवाष्ण झाला म्हना तुया पाय." आणि या वेळी ती सगळ्यांत मोठ्यानं हसली.

त्या दिवशी मला जे कळलं ते ग्रंथांत नसेल असं नाही, पण मला तिथं कळलं. दुखणं स्वतःच माइक हातात घेतं. त्याला बोलवावं लागत नाही. सुख मात्र मागच्या रांगेत बसलेलं असतं, कुणी विचारलं तरच बोलतं, आणि तेही हळू. आपण त्याला ओळखत नाही असं नाही, आपण तिथवर उठून जात नाही. आणि जायचं तर एकच अट असते, नसलेलं सुख आहे म्हणायचं नाही. मी आजवर बहुतेक सुखांना अशीच घोट्यापर्यंतची हजेरी लावत आले होते. लग्नकार्यांत, सहलींत, सत्कारांत. छान झालं, छान झालं. तेल कुणी तापवलं होतं की नाही, हे पाहिलंच नव्हतं.

रोवणी संपेपर्यंत ती टिकली तळहाताएवढी झाली. हे तेलानं झालं, काळानं झालं की माझ्या लक्ष देण्यानं, याचा दावा मी करणार नाही. शिबिरवाले करतील. डॉक्टरांच्या मते नसा आपल्या गतीनं भरून येत होत्या. तसंच असेल. पण भरून येत असताना मी तिथं, त्या पायांत, घरी होते, एवढं खरं. वर्ष संपताना डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून, स्पर्श कळतो का ते विचारत, पायावर नायलॉनचा बारीक दोरा टेकवला. आधीच्या खेपेला मी त्यांच्या हाताच्या लयीवर अंदाजानं "हो, हो" म्हणत गेले होते. या खेपेला जिथं कळलं तिथं हो म्हटलं, आणि जिथं नाही तिथं नाही. "तुम्ही 'नाही' फार ठामपणे म्हणता," त्या हसून म्हणाल्या. दोन्ही तळवे परत आले होते. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं तेवढी आली नव्हती. "ती आता येतीलच असं नाही," असंही त्यांनी सांगितलं. तेवढा सरळपणा मला बरा वाटला.

यंदा आसगावात रोवणीचं यंत्र आलं. जावेची टोळी निम्मी झाली. फोनवर म्हणाली, "मशीनले चिखल्या होत नाही, बरं हाये तिचं." आवाजात रुसवा होता की कौतुक, कळलं नाही. परसात आता किती जोड्या बसतात, मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात जाणारच आहे.

मी रोज सकाळी ओट्यावर थोडा वेळ पाय उन्हात ठेवून बसते. शरीरावर पहारा ठेवायची सवय गेली असं म्हणणार नाही, पण ती आता दिवसभराची नोकरी राहिलेली नाही. त्या दोन बोटांना मात्र अजून रोज विचारते. उत्तर येत नाही. पण त्यांच्यापर्यंत जाताना वाटेत बाकीची आठ भेटतात.